विनीत : समस्त महाजन परिवार

नेपानगर
३० डिसेंबर २०२४
जावक क्र. ४१

चि. सौ. वैजयंतीस,

आशीर्वाद. मोहितच्या सतराव्या वाढदिवसाची पत्रिका आज शालिग्रामच्या हस्ते पोचली. हा माणूस नोकरीसाठी रोज नेपानगर-बुऱ्हाणपूर अप-डाउन करतो म्हणून आपलं टपाल तरी चालू आहे.

तू म्हणशील, जीजींनी फोन का नाही केला. मी इथल्या कागद मिलच्या आवक-जावक विभागात एकतीस वर्षं काढली, तोंडी बोललेलं मी धरत नाही. फोनवर रागावलं की समोरचा रेंज नाही म्हणून मोकळा होतो. कागदावरचा राग कागदावर राहतो. या पत्राची प्रत मी फायलीला लावली आहे.

आता मुद्दा. पत्रिका चार पानी, सोनेरी काठाची. वर आशीर्वाद म्हणून आपले बापू, कै. रामदास महाजन. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, पण ते योग्यच. खाली विनीत म्हणून आई, नीलेश, तू, धाकटा, धाकटी आणि धाकटीच्या माहेरचे दोघं. सगळ्यात खाली 'आमच्या दादाच्या पार्टीला यायचं हं!' म्हणून धाकट्याचा लोटू, ज्याला अजून स्वतःचं नाव नीट सांगता येत नाही. आणि मी कुठे? मी मोहितची सख्खी आत्या! बारशाला त्याच्या कानात 'मोहित' मी म्हटलं आणि पाठीवर धपाटे मी खाल्ले. ते धपाटे धाकटीच्या माहेरच्यांनी खाल्ले होते का?

बाकी पत्रिकेत 'शेतात भरीत पार्टी, दादाच्या मित्रांसाठी थंड्याची खास व्यवस्था, पालकांच्या देखरेखीखाली' असं छापलं आहे. थंडा म्हणजे बियर, हे शालिग्रामनं सांगितलं. सगळ्या बुधवाऱ्याला ते ठाऊक आहे म्हणे. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो तुमच्या घरचा प्रश्न. माझा प्रश्न फक्त नावाचा आहे. लेखी खुलासा यावा.

पूर्णिमा


बुधवारा, बुऱ्हाणपूर
३ जानेवारी २०२५

ती. जीजींना नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. देवाशपथ, यादी ह्यांनी दिली होती, मी नाही. मी पत्र वाचून दाखवल्यावर हे म्हणाले, 'अरे बाप रे, जीजी राहिली!' त्याच दुपारी नव्या पत्रिका छापायला टाकल्या. तुमचं नाव आईंच्या खाली आणि ह्यांच्या वर, ठळक अक्षरात. जुन्या पत्रिका घरोघर जाऊन परत आणल्या. आता तरी राग सोडा.

थंड्याचं तुम्हाला विचित्र वाटलं असेल तर सांगते. आम्ही दोघं दिवाळीनंतर इंदूरला एका शिबिराला गेलो होतो, 'मुलांचे आई-बाप नको, दोस्त बना'. तिथल्या मॅडम इतकं छान बोलल्या! मुलं बाहेर जे चोरून करणार ते घरात उघड करू द्या, म्हणजे त्यातली मजाच जाते. हे म्हणाले, बरोबर आहे. पोरं ढाब्यावर पिऊन कुठे पडण्यापेक्षा आपल्याच केळीच्या बागेत पिऊ देत. शेत आपलं, वांगी आपली, नजर आपली.

आणि मी काही येडी नाही हो. सगळ्या मम्मी लोकांना ग्रुपवर विचारलं. रितेशच्या आईनं, सवितानं, तर एकदम तीन अंगठे पाठवले. गाड्यांच्या किल्ल्या मी स्वतः परातीत जमा करणार आणि उतरल्याशिवाय एकालाही देणार नाही. भर दुपारची पार्टी, पाचला सगळे आपापल्या घरी. बारावीचं इतकं टेन्शन आहे पोरांना, एक दिवस हसले-खेळले तर काय बिघडतं?

पहिल्या घोटाआधी सगळ्यांना पाटावर बसवून ओवाळणार आहे. संस्कार सुटता कामा नयेत. आईंना सांगितलंय की ते जवाचं पाणी आहे, किडनीला चांगलं. त्या म्हणतात, मग मला पण वाटीभर ठेव.

तुम्ही या. तुमच्याशिवाय शोभा नाही.

तुमची वैजयंती


नेपानगर
७ जानेवारी २०२५
जावक क्र. १

चि. सौ. वैजयंतीस,

नवी पत्रिका मिळाली. नाव ठळक आहे, जागा योग्य आहे. विषय संपला, नस्ती बंद केली.

माझा गुडघा धरला आहे, त्यामुळे येणं होणार नाही. पण वाईट वाटून घेऊ नकोस. पत्रिकेत नाव छापलं म्हणजे मी आल्यासारखीच. शेजारच्या चार घरी पत्रिका दाखवून आले. भरीत उरलं तर शालिग्रामच्या डब्यात पाठव, तेल जरा कमी.

पूर्णिमा


बुधवारा
१५ जानेवारी २०२५

ती. जीजी,

पत्र शालिग्रामभाऊंच्याच हाती देते आहे. तसंही माझा फोन ठाण्यात जमा आहे, ह्यांचाही. घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घ्या.

रविवारी सगळं छान चाललं होतं हो. भिकननं सकाळीच कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून ठेवली होती. आपला भिकन, शेतावरचा सालदार, बापूंच्या वेळेपासूनचा. मुलांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं, ग्लास हातात दिले. मी व्हिडिओ काढून स्टेटसला टाकला. दोनशेजणांनी पाहिला, त्यातला एक ठाण्यातला निघाला.

चारच्या सुमारास रितेश मोटरसायकल घेऊन शेतातून बाहेर पडला. रस्त्यावर केळीची ट्रॉली उभी होती, तिच्यात मागून घुसला. डोक्याला लागलं, उजवा पाय चिरडला. इंदूरला नेलं आहे. शुद्ध येते, जाते.

किल्ली त्याच्याकडे कशी गेली देव जाणे. परात माझ्याजवळच होती. भिकननं दिली असेल. भिकननंच दिली.

सोमवारी सकाळी ठाण्याचे टीआय साहेब घरी आले. दोन शिपाई बरोबर आणि हातात आपली पत्रिका, दुसऱ्या छपाईची. वाचून वाचून एकेकाला हाक मारली. 'रामदास महाजन?' मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. 'लोटू महाजन?' तो धाकटीच्या कडेवर होता, त्यानं साहेबांची टोपी मागितली. मग 'पूर्णिमा'. मी सांगितलं, अहो त्या नेपानगरला होत्या, आल्याच नाहीत. तर म्हणाले, नाव छापलंय म्हणजे आल्यासारखंच. अगदी तुमचेच शब्द, जीजी! तुम्हालाही बयानाला बोलावणार आहेत.

वामन वकिलांनी कायदा वाचून दाखवला. अठराच्या आतल्या मुलाला दारू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. आई-बापांनी स्वतःच्या हातानं दिली तर सूट, असं कुठेच लिहिलेलं नाही. ह्यांनी दोनदा वाचायला लावलं, तरी नाही निघालं.

तर आता असं ठरलं आहे. बियर भिकननं स्वतःसाठी आणून विहिरीत गार करायला ठेवली होती, ती पोरांच्या हाती लागली. किल्लीही त्यानंच दिली. व्हिडिओचं वकीलसाहेब म्हणतात, त्यात रंग दिसतो, वास येत नाही. भिकन हो म्हणाला आहे. घरचाच माणूस तो. फक्त मोहितनं तसं सांगितलं पाहिजे. त्याला तुमच्याकडे पाठवते. इथे जो तो त्याला खोदून विचारतोय. तुमच्याकडे शांतता आहे, अभ्यास होईल, आणि बयानही पाठ होईल. तुम्ही म्हणाल तसं तो ऐकतो.

वैजयंती


नेपानगर
१८ जानेवारी २०२५
जावक क्र. ३ (अति तातडीचे)

सौ. वैजयंतीस,

मला समन्स आलं! नेपानगरच्या शिपायानं भर चौकात 'पूर्णिमाबाई कोण, दारूवाल्या?' असं विचारलं. मी देवळातून येत होते, हातात प्रसाद होता.

माझं नाव सदर पत्रिकेतून ३० डिसेंबरपासून वगळलं असं समजावं. तशा अर्थाचं पत्र मी ठाण्यालाही रजिस्टर पोस्टानं पाठवलं आहे. छापलेलं नाव काढता येत नाही म्हणतात, तर मुळात विचारल्याशिवाय छापलंच का? मी फक्त खुलासा मागितला होता, नाव नव्हे.

तसंच माझं ३० डिसेंबरचं पत्र उलट टपाली परत कर. त्यात थंड्याबद्दल एक ओळ अनवधानानं गेली आहे. माझ्याकडची प्रत मी जाळली. एकतीस वर्षांत फायलीतला कागद मी पहिल्यांदा नष्ट केला, त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मोहित पोचला. बयान मी चौदा वाक्यांत मुद्देसूद लिहून काढलं आणि सकाळ-संध्याकाळ म्हणवून घेते. पोरगा हुशार आहे, दुसऱ्याच दिवशी पाठ. मात्र ताटातलं अर्धं तसंच ठेवतो. काल मला विचारलं, 'आत्या, भिकनकाकाला किती साल होतील?' मी म्हटलं, ते वकील बघतील. तो म्हणाला, 'मी वकील कोण ते नाही विचारलं, किती साल ते विचारलं.' मी त्याला गणितं सोडवायला बसवलं.

पत्र परत कर.

पूर्णिमा


बुधवारा
२४ जानेवारी २०२५

ती. जीजी,

तुमचं पत्र अगदी सुखरूप आहे. कपाटात, माझ्या शालूच्या घडीत ठेवलंय. एवढी घाई काय त्याची? मोहितचं बयान नीट झालं की मीच आणून देईन. उगाच शालिग्रामभाऊंच्या हातून इकडेतिकडे झालं तर? तुमचीच मला काळजी.

इकडे माणसं ओळखू येईनाशी झालीत. ज्या मम्मी लोकांनी अंगठे पाठवले होते त्या आता म्हणतात, आम्हाला वाटलं नुसतं भरीत आहे. एकीनं तर ठाण्यात सांगितलं की तिला वाचता येत नाही. ती कॉलेजात शिकवते हो! सविता काही बोलत नाही. अठरा पूर्ण नसताना पोराच्या हाती मोटरसायकल दिली म्हणून तिच्या मिस्टरांवरही केस आहे, म्हणून ते गप्प. ह्यांना अटकपूर्व जामीन मिळाला. शिबिरवाल्या मॅडमना ह्यांनी दुसऱ्याच्या फोनवरून सल्ला विचारला, तर त्या म्हणाल्या, दोस्त बना म्हटलं होतं, दुकान उघडा नव्हे. आणि फोन ठेवला.

रितेशचा पाय गुडघ्याखालून काढला. सोमवारी काढला. बाकी तो आता बोलतो, म्हणतात.

भिकनला सगळं समजावून सांगितलं. वकीलसाहेबांनी एकदा, ह्यांनी एकदा आणि मी एकदा. तो म्हणाला, 'तुम्ही सांगाल तसं सांगू, बाई. पन पार्वतीले कोन सांगीन?' पार्वती म्हणजे त्याची बायको. तिला कुणी काही सांगितलेलं नाही. पण ती रोज सकाळी येते आणि आमच्या ओट्यावर बसते. चहा दिला तर घेत नाही. काही मागत नाही, रडत नाही, भांडत नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आई म्हणतात, ही अशी का बसते, हिला जवाचं पाणी द्या.

मोहितला दूध देत जा. पाठ झालं असेल तर मध्ये मध्ये उलटतपासणीही घ्या.

वैजयंती


नेपानगर
२ फेब्रुवारी २०२५
जावक क्र. ६

सौ. वैजयंतीस,

पत्राचं राहू दे. दुसरं विचारायचं आहे.

चौदा वाक्यांपैकी तेरा मोहित घडाघडा म्हणतो. नववं वाक्य, 'किल्ली भिकनने दिली', तिथे आला की थांबतो. पहिल्यांदा वाटलं विसरतो. मी पुढचा शब्द दिला, तर दहाव्या वाक्यावर उडी मारतो. काल मी जरा ओरडले. त्यानं वही मिटली आणि मोरीत जाऊन नळ सोडून बसला. अर्धा तास. पाणी वाहत होतं आणि मी बाहेर उभी. मला नळ बंद कर म्हणायचं धैर्य झालं नाही.

मी आयुष्यभर खोटे कागद पकडले. मालाचं वजन कमी, सही दुसऱ्याची, तारीख मागची. खोटी ओळ मला दिसते. हे बयान माझ्याच अक्षरात आहे आणि त्यातली नववी ओळ मला टोचते आहे.

किल्ली कुणी दिली? नीलेशनं? लेखी उत्तर पाहिजे.

पूर्णिमा


बुधवारा
४ फेब्रुवारी २०२५

ती. जीजी,

तुम्हाला ह्या वयात इतका विचार झेपत नाही. भिकननं दिली, हे त्यानं स्वतः मान्य केलंय. मोहितला गप्प राहायची सवय लहानपणापासून आहे. सोमवारी बयान आहे, तेवढं एकदाचं उरकू द्या. मला आता पत्रं लिहायला वेळ नाही.

वैजयंती


नेपानगर
११ फेब्रुवारी २०२५

वैजयंती,

यावर जावक क्रमांक टाकलेला नाही आणि प्रत ठेवलेली नाही.

नीलेशनं तुला काल आनंदाची बातमी दिलीच असेल. बाल कल्याण समितीच्या दारात त्यानं मोहितला उचलून घेतलं, पेढ्यांचा पुडा फोडला आणि शिपायालाही दिला. मी बाहेर बाकावर होते. आत काय झालं ते समितीच्या मॅडमनी वाचून दाखवलं तेव्हा मला कळलं.

माझी चौदा वाक्यं त्यानं म्हटलीच नाहीत. तीनच बोलला. 'बियर मी आणली. घरच्यांना माहीत नव्हतं. रितेशला किल्ली मी दिली.' मॅडमनी तीनदा विचारलं, ओवाळलेला व्हिडिओ दाखवला, तरी तेच. भिकनचं नाव नाही, तुमचं नाही, कुणाचंच नाही. वामन वकील तर आनंदानं उड्या मारायचे बाकी होते. म्हणाले, अल्पवयीन आहे, समज देऊन सोडतील. सालदार सुटला, बाप सुटतो, आई सुटते, ह्यापेक्षा चांगलं मला सात जन्मांत सुचलं नसतं. नीलेश म्हणाला, पोरगा वाघ निघाला. आणि खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, सुटलो बाई! मी पेढा खाल्ला.

परतीच्या गाडीत मोहित खिडकीशी बसला होता. मी विचारलं, का रे असं केलंस? तो म्हणाला, 'आत्या, भिकनकाकाचं नाव मेरे से नहीं निकल रहा था. और मम्मीचं तर नाहीच.'

किल्ली कुणी दिली हे आता मला लेखी नको.

रात्री तो शांत झोपला. ह्याचीच मला भीती वाटते, वैजयंती. सतरा वर्षांच्या पोरानं खोटं बोलून सगळ्यांना खूश केलं, आणि आपण सगळे खूश झालो.

जीजी


बुधवारा
१५ फेब्रुवारी २०२५

जीजी,

तुमचं पत्र मिळालं तेव्हा घरात शिरा चालला होता. पाहुणे येत होते, जो तो मोहितचं कौतुक करत होता. एवढ्याशा पोरानं घर वाचवलं, असा मुलगा नशिबानं मिळतो. मी सगळ्यांना शिरा वाढला. मग मोरीत गेले, नळ सोडला आणि तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात गेले. कुणाला न सांगता. पार्वती ओट्यावर होती, तिला म्हटलं, चल. ती काही न विचारता आली.

टीआय साहेबांना म्हटलं, बयान द्यायचं आहे. ते म्हणाले, 'बहनजी, झालं की सगळं. मुलानं कबूल केलंय.' मी म्हटलं, त्यानं खोटं कबूल केलंय. त्यांनी पाणी मागवलं. समजुतीच्या सुरात म्हणाले, पोरगा सुटणार, तुमचे मिस्टर सुटणार, म्हातारा सालदार सुटला, ज्याचा पाय गेला त्याचे आई-बाप पण तक्रार वाढवत नाहीत. सगळे राजी आहेत, तुम्हालाच काय तकलीफ आहे? मी म्हटलं, मलाच तकलीफ आहे. त्यांनी वकिलांना फोन केला. वकिलांनी ह्यांना केला. हे आले आणि टीआय साहेबांना म्हणाले, हिची तबियत बरी नाही, झोपेची गोळी घेतली आहे. मला हाताला धरून घरी आणलं. जीजी, खोटं बोलायला गेलो होतो तेव्हा खुर्ची दिली होती ठाण्यात. खरं बोलायला गेले तर म्हणाले, विश्रांती घ्या.

तिसऱ्या दिवशी परत गेले. पार्वती आणि मी बाकावर बसलो. साडेदहा ते तीन. जेवायला उठलो नाही. शेवटी एका लेडी कॉन्स्टेबलला दया आली की कंटाळा आला, माहीत नाही. तिनं कागद घेतला आणि म्हणाली, बोला.

मी सगळं सांगितलं. बियर ह्यांनी आणली, मी ग्लासात ओतली, ओवाळलं, मुलांना प्या म्हटलं. दोघांना नको होती तर मी हसले त्यांना, म्हटलं, अरे काय मुली आहात का? हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं. रितेशनं दोन ग्लास घेतले होते, मी मोजले होते. भिकनचा काही संबंध नाही. तो वांगी भाजत होता.

तिनं विचारलं, किल्ली कुणी दिली? मी म्हटलं, मी. परातीतून उचलून दिली. तो म्हणाला, आंटी, चक्कर येतेय जरा. मी म्हटलं, काही होत नाही, पाच मिनिटांचा तर रस्ता आहे, वारा लागेल, बरं वाटेल. मोहित बाजूला उभा होता. तो म्हणाला, मम्मी, मी जातो पायी. मी म्हटलं, तू बस, बर्थडे बॉय तू.

आता वकील म्हणतात, चालान, म्हणजे आरोपपत्र, माझ्या नावावर जाईल आणि ह्यांच्याही. कोर्ट काय ठरवेल ते ठरवेल. हे माझ्याशी बोलत नाहीत. आईंना कुणी काहीतरी सांगितलं आहे, त्या मला पाहून देवघरात जातात. तुमचं पत्र शालूतून काढून ह्या पाकिटात घातलं आहे, मला त्याचा धाक दाखवायला नको होता. माफ करा. मोहितला सांगा की मम्मी जाऊन बोलून आली. त्याला वाईट वाटेल, रडेल. रडू द्या. नंतर त्याला इंदूरला रितेशकडे घेऊन जा, माझ्यानं आज होणार नाही. सविताच्या डोळ्याला डोळा भिडवायला मला थोडे दिवस लागतील. मला लाज वाटते, जीजी. खूप लाज वाटते.

लिहून झाल्यावर त्या बाईनं मान वर केली आणि विचारलं, 'पोराला पाठवलं कशाला होतं एवढं?'

मी म्हटलं, दही आणायला.

ती म्हणाली, 'दही?'

मी म्हटलं, हो, कोशिंबिरीला. कमी पडेल असं वाटलं.

तिनं दही लिहिलं आणि विचारलं, 'मग पडलं का कमी?'

नाही पडलं, जीजी. अर्धं पातेलं उरलं होतं.

वैजयंती